जावयाचं इंजिन

आमचा जावई घरी आला की आधी गोठ्यात जायचा. बूट काढायच्या आधी, पाणी प्यायच्याही आधी. तिथे ताडपत्रीखाली लाल गाडी उभी होती. ताडपत्री बाजूला करायचा, बोनट उघडायचा आणि कमरेवर हात ठेवून आत बघत उभा राहायचा. आत काही नव्हतं. इंजिनच नव्हतं त्या गाडीला. बोनट उघडलं की खाली गोठ्याची जमीन दिसायची. तरी चहा निवेपर्यंत बघत राहायचा.

शेजारची शेवंती दगडी गडग्यापलीकडून विचारायची, "काय गो, आणलंन का इंजिन तुझ्या जावयानं? का अजून भोकच बघतोय?"

"बघू दे. तुझं काय जातं?"

"माझं काय जायचंय! म्हशीची जागा ती. एवढ्यात दोनदा व्यायली असती."

तो घाटावरचा, कोल्हापूरकडचा. बोलणं ठसक्याचं, आमच्यासारखे हेल नाहीत. मला मामी म्हणायचा, त्यांच्याकडे सासूला मामीच म्हणतात. मी तोंडावर अहो-जाहो करायचे नि पाठीमागे तो म्हणायचे, अजून तसंच म्हणते. लोट्याला केमिकलच्या कंपनीत फिटर होता. त्याआधी एका मोसमात इथल्या आंब्याच्या कॅनिंगला बॉयलरच्या कामासाठी आला होता. माझी दर्शना तिथे आंबे कापायला जायची. पहिल्या दिवशी तिने त्याला पाण्याचा तांब्या दिलान, दुसऱ्या दिवशी हा माझ्या दारात. "मुलगी द्याल का?" म्हणाला. मी म्हटलं, "अहो, एवढ्यात काय बघितलंत तिचं?" तर म्हणतो, "बघायला किती दिस लागत्यात, मामी?" लग्न ठरायच्या आधीच मामी!

दर्शना माझी एकुलती. ती तिसरीत असताना तिचा बाप तापाने गेला. मग मी चिऱ्याच्या खाणीवर जायला लागले. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर जांभा दगडाचा चिरा, खाणीतून वर ट्रकपर्यंत. पावसात खाण बंद, तेव्हा लोकांच्या शेतात लावणी. त्याचं काय सांगायचं, सगळ्याच बायका करत होत्या. पोर दहावी झाली, सरळ माणसाच्या घरी गेली. मला अजून काय पाहिजे होतं?

लग्नानंतर दोघं मिऱ्याच्या समुद्राकडे फिरायला गेली, तिथे एका बंगल्याच्या आवारात ही गाडी त्यांनी बघितली. दोनच माणसांची, बुटकी, फायबरच्या अंगाची, वर कापडी टप. शर्यतीच्या गाडीसारखी. इंजिन कोणी तरी काढून नेलेलं. मालक मुंबईचा, तो म्हणाला, उचलून न्या, माझी जागा तरी मोकळी होईल. दर्शनाने हट्ट धरलान. लोट्याच्या खोलीपाशी उभी करायला जागा नाही, म्हणून टेम्पोत घालून माझ्या गोठ्यात आणली. गुरं मी तेव्हा विकली होती.

गाडी उतरवताना दर्शना नुसती पुढे पुढे नाचत होती. मी म्हटलं, "बाय गो, हे काय आणलंस? धड पेंढा भरता येत नाही, धड माणसं बसत नाहीत."

"आई, हिला असं इंजिन बसवायचं, भाट्याच्या पुलावर आलो की तुला इथे खळ्यात ऐकू आलं पाहिजे. पोरं आली म्हणून तू आधण ठेवायचंस."

आमचं घर खाडीच्या अंगाला, उंचावर. पुढच्या अंगणाला आम्ही खळं म्हणतो. पूल दिसत नाही, पण वारा तिकडून असला की पुलावरच्या गाड्या ऐकू येतात.

त्याच पावसाळ्यात तिला कावीळ झाली. दिवाळी तिला दिसली नाही.

दिवसकार्य झालं, माणसं आपापल्या घरी गेली. मला वाटलं, जावईही आता यायचा नाही. कशाला येईल? मूल नाही, बाळ नाही. लोटे काय जवळ आहे? तर पुढच्याच सुट्टीला त्याची मोटरसायकल दारात. "गाडीचं बघाय आलोय," म्हणाला आणि गोठ्यात गेला. मग दर सुट्टीला येत राहिला.

इंजिनं तीन होती. मला ती अजून पाठ आहेत. एक छोट्या गाडीचं, पेट्रोलचं. घराघरात असते तसल्या गाडीचं, हलकं, जागेत बसणारं. दुसरं जीपचं डिझेल, लोट्यातल्या एका मिस्त्रीकडे तयार पडलेलं, दणकट. तिसरं परदेशी, मुंबईच्या भंगार बाजारातलं, कुठल्या तरी आपटलेल्या मोठ्या गाडीचं. ते बसवलं तर गाडी जमिनीवर राहायची नाही म्हणायचा. जेवायला बसला की ताटात मांडायचा. लिंबाची फोड म्हणजे छोटं, कांदा म्हणजे डिझेल, सोलकढीची वाटी म्हणजे परदेशी.

मी म्हणायचे, "कढी प्या आधी."

"पिलो तर परदेशी संपलं की, मामी!"

मी विचारायचे, "डिझेलात काय वाईट?"

"वजन, मामी. समदं वजन नाकावर. तुमच्या डोक्यावरचा चिरा फुडं सरकला तर काय व्हतंय?"

"मान जाते. उतार असला तर तोंडावर आपटायचं."

"तेच हिचं. वळणाला वळायचीच न्हाई."

"मग परदेशी बसवा."

"त्याला समदंच बदलाय लागतंय. गिअरबॉक्स दुसरा, ब्रेक दुसरं. चॅसी निम्मी कापाय लागती. आन् आरटीओवाला दारात उभा करायचा न्हाई."

"मग ते छोटं?"

"बसवलं असतं ओ. पर मग दिसाय वाघ आन् आवाज शिलाई मशिनचा."

असं गोल गोल फिरायचं. शेवटी ठरलेलं एकच वाक्य, "बघू. एकदा कापलं की कापलं, मामी." कुठलंही इंजिन बसवायचं तर गाडीचा सांगाडा थोडा तरी कापावा लागणार होता. मग बोनट खाली, ताडपत्री वर, नि मोटरसायकल लोट्याच्या वाटेला.

एकदा मीच म्हटलं, आपण देवीला कौल लावू. आमच्याकडे काही अडलं की गुरव देवीच्या अंगाला उजवीकडे नि डावीकडे फुलांचे कळे लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. गेलो. गुरवाने कळे लावलेन, "बाय माझे आवशी, हो तुझो लेक आज तुझ्या पायाशी इलो" एवढं म्हणालान नि थांबला. "मागायचं काय नक्की?" म्हणून वळून विचारलंन. जावयाने तिन्ही इंजिनं नीट समजावून सांगितलीन. वजनासकट.

गुरव डोकं खाजवत म्हणाला, "बापू, देवीला उजवी नि डावी. तिसरी बाजू मी कुठून आणू? एक कमी करा नि या."

देवळाच्या पायरीवर आम्ही दोघं बसून राहिलो. "कुठलं कमी करू, मामी?" म्हणाला. मी म्हटलं, "मला काय विचारता?" तर हसला, आणि हसता हसता तोंड तिकडे फिरवलंन. एकही कमी झालं नाही. नारळ तेवढा वाढवला नि घरी आलो.

घाटावरच्या माणसाला मासे खाता येत नाहीत. काटेरी मासा असला की दर्शना त्याला काटे काढून द्यायची. ती गेल्यावर पहिल्यांदा मी ताट वाढलं, तर हा माशाकडे बघत बसला. मी ताट ओढलं, काटे काढले, परत सरकवलं. पुढे तसंच चालू राहिलं. सासूने जावयाचं ताट ओढायचं, असं कुठे असतं का? पण आमच्यात होतं.

गाडीच्या डाव्या शिटावर माझी खुडूक कोंबडी जाऊन बसली होती. ती जागा दर्शनाची. मी हुसकावायला गेले तर म्हणाला, "बसू द्या, मामी. कुनी तरी बसलंय." पिल्लं निघेपर्यंत गाडीचं दार तो अलगद लावायचा, झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये तसं.

मला वाटायचं, स्वभावच असेल बिचाऱ्याचा, ठरवता येत नाही. एकदा त्याच्याबरोबर कंपनीतला एक सोबती आला, देवरुखचा. जावई गोठ्यात गेलेला बघून मी त्याला हळूच म्हटलं, "तुमच्या मित्राला एक गोष्ट ठरवता येत नाही हो. कंपनीत कसं निभावतं त्याचं?"

तो कप खाली ठेवून माझ्याकडे बघायलाच लागला. "कोणाचं, काकू? ह्याचं? अहो, मागे आमच्याकडे पाईप फुटून गॅस सुटला. आम्ही पळायच्या तयारीत. ह्याने एकदा वर बघितलंन, धावत गेला नि बरोबर तोच व्हॉल्व्ह बंद केलान. त्याच्याएवढा झटकन ठरवणारा माणूस आमच्या प्लँटला नाही."

मी गोठ्याकडे बघितलं. तो वाकून आत बघत होता. तेव्हा मला कळलं. इंजिन त्याचं केव्हाच ठरवून झालं असतं. पण ते बसलं की गाडी पुरी होणार, नि गाडी पुरी झाली की दर्शनाने सांगितलेलं शेवटचं काम संपणार. मग माझ्या दारात यायला त्याला कारण काय? मलाही कुठे घाई होती?

मग विहीणबाईंचा फोन आला. "तुमचंच ऐकतोय बघा त्यो. पोरगी बघून ठेवलीया. चांगली हाय, तिचाबी मालक गेलाय. ह्यो म्हनतोय, गाडी झाल्याबिगार लग्नाचं नाव काढू नगा. माझं किती दिस ऱ्हायल्यात? तुमी सांगा त्याला." आणि रडायलाच लागल्या.

मी म्हटलं, "सांगते."

फोन ठेवला नि तशीच चुलीपुढे बसून राहिले, चूल पेटवायचीही राहिली. तो यायचा थांबला तर हे घर कसं होईल ते मला ठाऊक होतं. दर्शना गेल्यावर त्याची मोटरसायकल दारात येईपर्यंत ते मी बघितलं होतं.

पुढच्या सुट्टीला तो आला. मी वाढलं. लिंबाची फोड, कांदा, सोलकढी. तो मांडायला लागला तशी मी कढीची वाटी उचलली नि पिऊन टाकली. तो बघतच राहिला. मग कांदा उचलून माझ्या ताटात टाकला. त्याच्यापुढे राहिली लिंबाची फोड.

"मामी?"

"हेच बसवा. मोठं बघून आणलेलं दारात उभं राहतं. तुम्हाला अजून लांब जायचंय. वाटेत बंद पडलात तर कुठल्याही गावात सामान मिळालं पाहिजे. मी वजनं वाहिलीत, जावईबापू. हलकं असलं की माणूस पोचतो."

"आन् आवाज? तिला आवाज पायजे हुता."

"फिटर ना तुम्ही? मग आवाज काढता येत नाही होय तुम्हाला?"

त्याने लिंबाची फोड ताटात एकदा गोल फिरवलीन. मग म्हणाला, "सायलेन्सरचं काय तरी करता यील." लिंबू उचललंन नि भातावर पिळलंन. पहिला घास तोंडाशी नेऊन परत थांबला. "मामी, गाडी झाली की मग..."

"माहीत आहे मला. जेवा."

छोटं इंजिन आणलंन. दोन सुट्ट्या गोठ्यात कापाकापी, ठोकाठोकी. सांगाडा कापला तेव्हा मी दाराशी उभी होते. "एकदा कापलं की कापलं" काही म्हणाला नाही. ज्या दिवशी गाडी सुरू झाली त्या दिवशी माझ्या कोंबड्या गडग्यावरून पार शेवंतीच्या परसात. शेवंती कानावर हात ठेवून धावत आली, "अगो बाय, काय फुटलं?"

"काही फुटलं नाही. माझ्या जावयाचं इंजिन आहे," मी म्हटलं.

त्याने डावीकडचं दार उघडलंन. "बसा, मामी. पयल्यांदा तुमी."

मी आत डोकं घातलं. शिटाला कोंबडीचं एक पीस अजून चिकटलेलं. बसावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण म्हटलं, "मी बसले तर खळ्यात ऐकणार कोण?"

तो वाकून पाया पडला नि गाडीत जाऊन बसला.

मी खळ्यात उभी राहिले. वारा खाडीकडून होता. गाडी पुलावर आली ते लगेच कळलं, तसा आवाज दुसऱ्या कुठल्या गाडीला नव्हता. पलीकडे गेली. मग परत अलीकडे आली, परत पलीकडे गेली. मी आत जाऊन आधण ठेवलं. त्याची दुसऱ्या दिवशी ड्युटी, तो तसाच लोट्याला जाणार होता, हे मला माहीत होतं. तरी ठेवलं.

पुढे लग्न झालं. मी गुडघ्यांमुळे गेले नाही, साडी पाठवली. आता कोल्हापूरकडे त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. बायको चांगली आहे, डावीकडच्या शिटावर ती बसते. बसायलाच पाहिजे. शीट काय रिकामी ठेवायला असते? शेवंती म्हणते, आता तरी म्हैस बांध. बांधीन कधी तरी. गोठा सारवते तेव्हा जमिनीवरचा तेलाचा काळा डाग आला की हात आपोआप बाजूने वळतो.

सुट्टीच्या दिवशी त्याचा फोन येतो. आधी बोलतो, जेवलात का, गुडघा कसा हाय. अर्धं कळतं, अर्धं नाही, कान माझे आता गेल्यात जमा. मग म्हणतो, "थांबा, मामी," आणि फोन गाडीपाशी धरून इंजिन सुरू करतो. "येतंय का ऐकाय?" असं मोठ्याने ओरडतो, तेवढं समजतं. मग मी फोन कानापासून काढते नि तळहातावर घेते. हाताला बारीक बुरबुर लागते, अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू मुठीत धरावं तशी.

"येतंय," मी म्हणते. "पुलावर आलात."