बेडकांपासून सुरुवात

धाकटीच्या जन्माच्या सकाळी नारायणगावच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात मी इतक्या येरझाऱ्या घातल्या, की बाकावरून आई म्हणाली, "बस की रं एका जागी. बाळंतीण ती हाय का तू?"

बसवत नव्हतं. घरी पहिली मुलगी होती आणि कालपासून आईचं एकच पालुपद, "या टायमाला पोरगा न्हाई झाला तर सुनंतच खोट हाय." आत जाताना बायकोनं माझ्याकडे नुसतं पाहिलं होतं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचो. पोरांपुढे वाघ, आईपुढे शेळी. सरळ सांगायची छाती होईना, म्हणून बेडकांपासून सुरुवात केली.

"आई, काही बेडकांत पिल्लू नर का मादी, ते मादीच्या अंड्यावर ठरतं. काहींत नरावर. जपानात तर एकाच जातीत एका भागात असं, दुसऱ्या भागात तसं."

"म्हंजी त्यांच्यात बी सासरची रीत येगळी, माहेरची येगळी."

मी दारापर्यंत जाऊन आलो. आतून नुसता भांड्यांचा आवाज.

"आन् माणसांत?"

"माणसांत बापावर. बाईचं बीज एकाच तऱ्हेचं असतं, बापाचं दोन तऱ्हांचं."

माझ्याआधी आईला चार मुली. वडिलांसाठी दुसरी बायको बघायला आजी पार जुन्नरला जाऊन आली होती. आमच्या घरात हे हसत सांगायचे.

"शाळंत शिकवतोस ह्ये?"

"दरवर्षी."

"आन् मला आज सांगतोस व्हय रं, मुडद्या?"

तेवढ्यात नर्सबाईंनी दार उघडलं. "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. बर्फी आणा, सर."

आमच्याकडे मुलाचे पेढे, मुलीची बर्फी. मी चप्पल शोधत होतो, तोच आई म्हणाली, "पेढं आण."

पेढे घेऊन आलो तर मार्केटात टोमॅटोचे क्रेट उतरवून वडीलही पोचलेले. पुडा बघून त्यांचा चेहरा फुलला. "पोरगा!"

"पोरगी," आई म्हणाली. पुडा सोडून तिनं त्यांच्या तळहातावर एकेक करत चार पेढे ठेवले. "ह्ये आपल्या चौघींचं. तवाच वाटायचं व्हतं तुमी."

आणि उरलेला पुडा घेऊन ती सुनेकडे आत गेली.

वडील हातातल्या पेढ्यांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "काय रं ह्ये?"

"बेडकांपासून सांगावं लागेल," म्हणत मी पुन्हा येरझाऱ्या घालायला लागलो.