प्लास्टरकाका आणि घरचा गुडघा

आमचे हे हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालतात. सव्वीस वर्षं झाली. पेशंट पोरं त्यांना प्लास्टरकाका म्हणतात. घरी येतात तेव्हा मिशीला पांढरी पूड लागलेली असते, ती मलाच दाखवून द्यावी लागते.

खेळणारी पोरं सगळ्यात लबाड, हे त्यांचं ठाम मत. सामना तोंडावर आला की गुडघ्याचं हाड मोडलेलं पोरही "दुखत नाही" म्हणतं. म्हणून हे आधी पाय सरळ ठेवून उचलायला लावतात. उचलता आला नाही, तर मामला गंभीर. काही बहाद्दर चांगला पाय हळूच दुखऱ्या पायाखाली सरकवून तो वर ढकलतात. असल्या चोऱ्या पकडल्याच्या बढाया आमच्याकडे रोज जेवताना चालतात आणि आमची तेरा वर्षांची लेक त्या कान टवकारून ऐकते.

ती लांब उडी मारते. संघाची निवड तीन दिवसांवर आली आणि सरावात उडी घेतानाच ती कोसळली. मैत्रिणींच्या खांद्यावर हात टाकून संध्याकाळी घरी आली नि चादर ओढून पडली. "नुसतं मुरगळलंय."

यांनी हुकूम सोडला, "उचल." चादरीखाली पाय वर आला. "मुका मार आहे," म्हणून हे मोकळे झाले.

सकाळी बघते तर लेक दोन्ही हातांनी पाय धरून पलंगावरून खाली ठेवतेय. मी चादर ओढली. गुडघा टम्म सुजलेला.

एक्स-रेत हाडाची एवढीशी कपची दिसत होती. "एवढ्यासाठी ऑपरेशन?" मी विचारलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वयात गुडघ्याच्या वाटीची कड अजून कूर्चेची असते, ती फोटोत दिसत नाही. कपचीबरोबर तिचा मोठा तुकडा सुटलाय. तो शिवावा लागेल. नीट जुळला आणि हिनं घाई केली नाही, तर पुन्हा उड्या मारेल."

ऑपरेशननंतर मांडीपासून घोट्यापर्यंतचं प्लास्टर यांनीच घातलं. लेक रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला फसवलं."

"नाही गं," हे ओली पट्टी गुंडाळत म्हणाले. "चादरीखाली दुसरा पाय हलताना मला दिसला होता. मलाही ती निवड हवी होती."

यांना धारेवर धरायची इतकी चांगली संधी मला सव्वीस वर्षांत मिळाली नव्हती. पण मी यांना फक्त मिशीवरची पूड दाखवून दिली. त्या संध्याकाळी मीही पलंगाशेजारीच बसले होते आणि चादर मी ओढली नव्हती.