पाच दांड्यांची खिडकी

दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गुडगावात नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लँडलाइन अजून यायची होती, मजल्यावरचे बाकीचे फ्लॅट कुलूपबंद. दिवसभर आई एकटी, आणि तिचं हृदय नाजूक. म्हणून दोन मोबाइल घेतले. मी अतिशहाणा. फोन हातात धरून घरभर फिरलो. स्वयंपाकघरात रेंजची जेमतेम एक दांडी, हॉलच्या खिडकीत पुऱ्या पाच. तिथे स्टूल मांडलं आणि आईला बजावलं, "फोन इथूनच करायचा. इथून हलायचं नाही."

दुपारी एकची गोळी घेतली की तिने मला मिस्ड कॉल द्यायचा, मी उचलायचा नाही, असं ठरलं होतं.

एके दिवशी दीड वाजला तरी फोन वाजला नाही. मी लावला, तर म्हणे संपर्क क्षेत्राबाहेर. पाच दांड्या असताना बाहेर कशी? दहादा लावला. मन चिंती ते वैरी न चिंती, आर. के. पुरमच्या ऑफिसातून टॅक्सीने घरी पोचेपर्यंत मी आईला चारदा गमावलं.

ती स्टुलावरच होती. घामाने भिजलेली, एक हात छातीवर, दुसऱ्यात फोन. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, कट झाला. पाच दांड्या तशाच. तिच्यासाठी पाणी आणायला स्वयंपाकघरात धावलो, तिथे एका दांडीवर फोन झटक्यात लागला.

दूरसंचारमधल्या एका मित्राने नंतर हॉस्पिटलात समजावलं, "यार, सिग्नल तगडा होना एक बात है, साफ होना दूसरी." इतक्या उंचावर खिडकीत चारी बाजूंचे टॉवर एकदम येतात. सरोजिनी नगरच्या बाजारात सगळे विक्रेते एकदम ओरडले की एकाचंही धड ऐकू येत नाही, तसं. स्वयंपाकघराच्या भिंतींनी बाकीचे अडवले, एक उरला. दांड्या नुसता जोर मोजतात.

आई वाचली. बोलायला लागल्यावर मी जरा चिडूनच विचारलं, "लागत नव्हता तर दुसऱ्या खोलीत जाऊन बघायचं नाही का?"

"तूच म्हणालास ना, इथून हलायचं नाही," ती म्हणाली. "छातीत कळ आली तशी अकरापासून तिथेच बसून लावत होते."