सासूबाईंचे उघडे डोळे: सानपाडा ते मोरा

आमच्या हॉलमध्ये बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, फोटो आहे. ते अचानक गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा धड फोटोच सापडेना. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्यांना कापून काढलं. त्यामुळे त्यांच्या खांद्यावर आजही एक अनोळखी हात आहे, बोटात खड्याची अंगठी घातलेला.

मी कॅमेऱ्यासाठी नवा फ्लॅश घेतला त्या दिवशी सासूबाई चहा पिता पिता म्हणाल्या, "माझा एक चांगला काढून ठेव. मला कुणाच्या लग्नातून कापायचं नाही."

"आई, सकाळी सकाळी काय हे?"

"मग दुपारी काढ."

मला फोटो काढायला आवडतात, पण त्या फोटोमागचं कारण नको होतं. शिवाय अडचण दुसरीच होती. फ्लॅश पडला की आईंचे डोळे मिटतात. आमच्या लग्नाचा अख्खा अल्बम त्यांनी झोपेत काढलाय, असं माझा नवरा निखिल म्हणतो. म्हणून ठरवलं, एका शनिवारी दोघींनीच गाडी काढायची. सकाळ, दुपार, संध्याकाळ, असा तिन्ही वेळचा उजेड बघायचा आणि एक तरी फोटो मिळवायचा.

सानपाड्याहून साडेसहाला निघालो. पहिला थांबा पाम बीच रोडजवळ, खाडीच्या बाजूला. सकाळचा उजेड इतका मऊ होता की फ्लॅश बाहेर काढायची गरजच नव्हती. नवीन शिकणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी. सूर्य एका बाजूला ठेवा, माणसाला थोडं वळवा, बस. आईंचे डोळे उघडे राहिले, पण चेहरा पार लाकडी झाला. त्या बँकेत कॅशियर होत्या. काउंटर बंद झाल्यावर आलेल्या माणसाकडे बघावं तसं त्या माझ्याकडे बघत होत्या.

"थोडं हसा ना."

"कशाला? काय झालंय?"

फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला. "ही मी नाय. ही आधार कार्डवाली."

दुपारी उलव्यात पोचलो. रस्ते रुंद आहेत, सावली मात्र शोधावी लागते. नव्या इमारतींच्या गर्दीत एक बरी खानावळ मिळाली. कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी, आणि दोघींचं मिळून पाचशेच्या आत. जेवणावर आई खूश होत्या, म्हणून लगेच कॅमेरा काढला. डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. ते भरायला समोरून हलका फ्लॅश मारायचा, असं मी शिकले होते. फ्लॅशवर पांढरी ओढणी गुंडाळली, उजेड छान पसरला. खड्डे गेले, डोळेही गेले. प्रत्येक फोटोत मिटलेले. एकात उघडे होते, पण नेमकं वरून विमान चाललेलं आणि ते बघायला आईंनी मान वर केलेली, त्यामुळे फोटोत नुसती हनुवटी आली.

"राहू दे," आई गाडीत बसत म्हणाल्या. "यांचा तरी कुठे चांगला आला? दुसऱ्याच्या हातासकट लटकलेत."

त्या हसून बोलल्या, पण मला चटका बसला. उरणला पोचून उन्हं उतरायची वाट बघितली. माझ्याकडे एवढं सामान, आणि मला घरच्या माणसाचा एक फोटो जमत नाही, या विचाराने वाईट वाटत होतं.

मोरा बंदर उरणच्या पुढे. आता उरणपर्यंत ट्रेनही जाते, पुढे रिक्षा मिळते. मुंबईची लाँच इथून सुटते, पण ओहोटीला पाणी उतरलं की ती थांबते, तेव्हा वेळ विचारूनच निघा. आम्ही पोचलो तेव्हा लाँच नव्हती. धक्क्यावर सुक्या मासळीचा वास होता, होड्या चिखलात बसल्या होत्या आणि सूर्य नुकताच बुडाला होता. एक कोळीण मावशी टोपली आवरत होत्या.

आकाश असं सुंदर निळं झालं होतं की मला ते आईंच्या मागे हवंच होतं. कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, शटर दोन सेकंद उघडं राहील असं केलं. त्याने मागचं आकाश नीट येतं आणि चेहरा फ्लॅशने उजळतो. पहिला फोटो, डोळे बंद. दुसरा, बंद. मावशी टोपली सोडून बघायला आल्या.

"बाय, तुला झोप आली हाय काय?" त्यांनी आईंना विचारलं. "फोटो काढताना डोले कशाला मिटतस?"

"तो मेला कधी उडेल त्याचं टेन्शन येतं ओ," आई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी हात पुढे केला. "आण तो फ्लॅश इकडे. बटण कुठलं? माझं मी दाबते."

मी नाही म्हणणार होते, पण मग लक्षात आलं की यात चूक काहीच नाही. शटर दोन सेकंद उघडं आहे, त्यात फ्लॅश कुणीही, कधीही उडवला तरी चालतं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश आधी अंदाजासाठी एकदा हलकाच चमकतो, आणि आई त्यालाच डोळे मिटत होत्या. हातात धरून बटण दाबलं की ती आधीची चमक नाही. मी फ्लॅश काढून त्यांच्या हातात दिला आणि हात लांब करून तो चेहऱ्याकडे धरायला सांगितलं. त्यांनी एकदा मावशींकडे पाहिलं, मी शटर उघडलं.

"आता बघा हां," म्हणाल्या आणि बटण दाबलं.

स्क्रीनवर आई होत्या. डोळे टक्क उघडे, ओठांच्या कोपऱ्यात हसू. रमीत शेवटचं पान टाकण्याआधी त्या अशाच दिसतात. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

आईंनी बराच वेळ फोटो पाहिला. "हां," म्हणाल्या. "ही मी."

"माजा पन काड," मावशी म्हणाल्या, "पन बटन मीच दाबनार." त्यांचाही झकास आला. त्यांच्या लेकीच्या व्हॉट्सअॅपवर तिथूनच पाठवला. बदल्यात सुक्या जवळ्याची पुडी मिळाली, आणि गाडीला अजून तिचा वास आहे.

फोटो फ्रेम होऊन आला, तेव्हा निखिलने बाबांच्या शेजारी खिळा मारला. आई स्वयंपाकघरातून आल्या, फ्रेम उचलली आणि टीव्हीशेजारी ठेवली. आता घरी कुणीही आलं की त्याला आधी सांगतात, "हा मी काढलाय. सुनेने नुसता कॅमेरा धरला."

"मग आई, या खिळ्याचं काय करू?" मी विचारलं.

"वापर की तोवर," त्या म्हणाल्या.

सध्या तिथे माझ्या फ्लॅशची पिशवी टांगलेली असते. फोटो काढायला जाताना मी ती काढते, आणि घरी आल्यावर पायातल्या चपला काढायच्या आत पुन्हा तिथे अडकवते. तो खिळा मला रिकामा दिसायला नको आहे.