डोळे पांढरे करायचं औषध

माझे डोळे कोरडे आहेत, असं लातूरच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई तोंडाला पदर लावून हसली. कारण त्या वेळी माझ्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पंख्याचा वारा लागला की पाणी, एसटीच्या खिडकीशी बसलं की पाणी, कुणी टक लावून बघितलं तरी पाणी. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्या तुंबल्या की डोळ्यावरचा ओलावा टिकत नाही, लगेच उडून जातो. मग डोळा खुपतो, आणि खुपला की भराभर पाणी सोडतो, पण त्या पाण्यात कस नसतो. आईने सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन अप्पांना सांगितलं, की डॉक्टर शिकाऊ दिसतोय.

उपाय सांगितला तो तर तिला चेष्टाच वाटली. गरम पाण्याच्या फडक्याने पापण्या शेकायच्या, त्यांच्या कडा रोज पुसून काढायच्या, आणि वरून अश्रूंसारखेच थेंब घालायचे. तेही महिनोन् महिने. पाण्यात पाणी घालायला पैसे द्यायचे म्हणजे काय, असं ती आमचं अहमदपूर येईपर्यंत अप्पांना विचारत होती.

मला मात्र सगळं पटलं होतं. मी तेव्हा नांदेडला मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करत होते. एका प्रॅक्टिकलला आम्ही कापसाची काडी आपापल्या खालच्या पापणीच्या आतून फिरवून जंतू वाढवायच्या प्लेटवर घासली होती. बाकीच्या मुलींच्या प्लेटवर दोन-चार ठिपके उगवले. माझ्या प्लेटवर बाजार भरला होता. मॅडमनी ती वर धरून सगळ्या वर्गाला दाखवली. जंतू सगळ्यांच्याच डोळ्यावर असतात, भाडेकरूंसारखे. मालक दणकट असेल तोवर गुपचूप राहतात. मालक कोरडा पडला की माजतात, पापणीतल्या तेलाचा पार साबण करून टाकतात, आणि डोळा आणखी कोरडा पडतो. हे मला परीक्षेत पानभर लिहिता येत होतं. पण आमच्या घरात माझ्या डोळ्यांचा निकाल बैठकीतल्या खुर्चीवर लागायचा होता.

आमच्याकडे मुलगी बघायला पाहुणे आले की मुलीची खुर्ची बरोबर पंख्याखाली ठेवतात. तोंडावरची पावडर घामाने ओघळू नये म्हणून. पहिले पाहुणे उदगीरचे होते. मुलाच्या आत्याने माझं शिक्षण विचारलं आणि माझ्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, की पोरीच्या मनात दुसरं कायतरी दिसतंय. त्यावर काकांनी मला स्वयंपाकघरात उभं करून नांदेडच्या कुठल्या पोराचं काय आहे ते विचारून घेतलं. कुणाचंच काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वेळी डोळे नुसते गळत नव्हते, लालही झाले होते. मुलाच्या आईला वाटलं, डोळे आलेत. तिने माझ्या हातचा पाण्याचा ग्लास घेतला नाही आणि नातवाला ओढून मांडीवर घेतलं. पंखा बंद करा, एवढंच मी दर वेळी सांगायचे. पाव्हण्यांना उकडून मारायचं का, असं मला दर वेळी विचारलं जायचं.

मग मावशी धावून आली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला जे थेंब दिले होते त्यातले निम्मे उरले होते. माझा लालभडक डोळा ह्यानंच पांढरा झाला, म्हणून तिने बाटली आईच्या हातात ठेवली. आईने माझं डोकं मांडीवर दाबून धरलं आणि थेंब घातले. तासाभरात माझे डोळे उकडलेल्या अंड्यासारखे पांढरे झाले. सगळं घर बघायला जमलं. मी ओरडून सांगितलं, की ह्यात स्टिरॉइड आहे, ते लाली दडपतं, डोळ्याच्या पहारेकऱ्यांना झोपवतं, आणि दार उघडं पडतं. बाटलीचं तोंड मावशीच्या पापण्यांना लागलेलं होतं. डोळ्यात कचरा गेला म्हणून काकांनीही ते थेंब घातले होते. उघडल्यावर थोड्याच दिवसांत फेकायची ती बाटली देवळीत विभूतीच्या शेजारी महिनेच्या महिने उभी होती. आईने एवढंच विचारलं, मग पांढरे झाले का न्हाई? झाले होते.

त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी बाटली निघायची. पाहुण्यांसमोर डोळे गप्प राहायचे आणि पाहुणे गेल्यावर आठवडाभर सूड घ्यायचे. स्थळं मात्र आता डोळ्यांवरून मोडत नव्हती. कधी उंचीवरून मोडायची, कधी पत्रिकेवरून. आई म्हणायची, बघ, डोळ्याचं कुणी नाव काढलं का?

मग नांदेडचं स्थळ आलं. मुलगा कॉलेजात शिकवायचा. फोटो पसंत पडल्यावर त्याच्या बहिणीने माझा नंबर घेतला आणि आम्ही बरेच दिवस फोनवर बोललो. तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, असं त्याने एकदा विचारलं. मी डोळ्यांची सांगितली. कोरडेपणा, जंतू, खुर्ची, पंखा, सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, मग आपल्या घरात पंखा बंद ठेवू. त्या एका वाक्यावर मी भाळले. नांदेडच्या उन्हाळ्यात पंखा बंद ठेवणारा माणूस पुन्हा कुठे मिळणार होता? तो यावा आणि त्याने हो म्हणावं, एवढंच मला हवं होतं. त्याच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आईने दोनदा थेंब घातले तेव्हा मी हात आडवा घातला नाही.

सकाळी उजवा डोळा उघडेना. उशीवर पिवळा चिकटा पडला होता आणि डोळ्यात कुणी तिखट भरलंय अशी आग होत होती. बोटांनी पापणी वर करून आरशात बघितलं. बुबुळावर भिजलेल्या साबुदाण्याएवढा पांढरा ठिपका होता. हे काय असतं ते मला माहीत होतं. नुकतंच तांबडं फुटलं होतं. मी अप्पांना उठवलं आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं, बुबुळाला जखम झालीय, जंतू ते खाऊन राहिलेत, मला आत्ता लातूरला न्या. अप्पांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग ते अंगणात गेले, बराच वेळ तिकडेच होते. परत आले तेव्हा त्यांनी आंघोळ करून विभूती लावली होती.

"पाव्हणे निघालेत माय, लोह्याच्या पुढं आलेत," ते म्हणाले. "वाटंला लागलेल्या पाव्हण्याला माघारी कसं धाडावं? ते गेले की लगेच लातूर."

मुलगी बघायला निघालेले पाहुणे आमच्याकडे वाटेवरून परतवत नाहीत. एकदा असं घडलं की त्या घराकडे पुन्हा कुणी निघत नाही, असं म्हणतात. माझं डोकं ठणकत होतं तरी मला हे पटलं, कारण निघालेला माणूस तो होता. मग आईबरोबर एसटीने जाते, असं मी म्हणाले. त्यावर काका म्हणाले, की अशा डोळ्यानं तू गल्लीतून गेलीस तर पाव्हणे चौकात पोचायच्या आत त्यांना बातमी कळेल. आणि पाठोपाठ त्यांनीच तोडगा काढला. धाकटी दाखवू. ती बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला होती, डोळे निरोगी होते. आजा मेला, नातू झाला, घरची माणसं तेवढीच, असं म्हणून काका हसले. अप्पा हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

माझी इस्त्री केलेली साडी न्यायला बहीण धान्याच्या खोलीत आली. मला तिथे ओलं फडकं डोळ्यावर ठेवून निजवलं होतं. ती दारात रडत उभी राहिली. मी म्हणाले, ने, निऱ्यांना पिना लाव, ती घसरते.

लोह्याच्या पुढे आलेले पाहुणे दुपार कलल्यावर पोचले. रस्त्याचं काम चालू आहे म्हणे. दाराच्या फटीतून मला सगळं ऐकू येत होतं. पंखा गरगरत होता, कुणी त्याला हात लावला नाही. मोठी कुठे आहे, असं तो आता विचारेल, मग विचारेल, म्हणून मी वाट बघत पडले होते. मुरमुऱ्यांचा सुशीला आणि शिरा खाऊन झाल्यावर त्याने माझ्या बहिणीला विचारलं, तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? ती म्हणाली, पालीची. सगळे खळखळून हसले, तोही हसला. माझ्या डोळ्यात दाभण फिरावं तशी कळ येत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दिवेलागणीला सुपारी फुटली, पाहुणे गेले, आणि मला दारातल्या गाडीत घातलं. लातूरच्या डॉक्टरांनी बुबुळ खरवडून नमुना घेतला, बाटलीचं नाव ऐकलं आणि डोक्याला हात लावला. सकाळी आणलं असतं तर बराचसा डोळा वाचला असता, असं ते अप्पांच्या तोंडावर म्हणाले. अप्पा व्हरांड्यात माझा हात धरून ढसाढसा रडले. मीच त्यांची समजूत घातली, की तुमचा इलाज नव्हता, पाहुणे वाटेला लागले होते.

उजव्या डोळ्यात फूल पडलं. त्याला उजेड कळतो, समोर हललेला हात कळतो, माणूस कळत नाही. बरी झाल्यावर बाटलीच्या तोंडाचा स्वॅब मीच घेतला. दोन दिवसांत प्लेट हिरवीगार झाली. त्या हिरव्या जंतूंनीच माझा डोळा खाल्ला होता. मोबाइलवर प्लेटचा फोटो आईला दाखवला. तिने तो निरखून बघितला आणि विचारलं, मग आता हे औषध फेकायचं का?

बहिणीचं लग्न थाटात झालं. मला लातुरात एका लॅबमध्ये नोकरी मिळाली. मायक्रोस्कोपला एकच डोळा लागतो, तिचं काही अडत नाही, असं काका माझ्यासाठी येणाऱ्या स्थळांना सांगायचे. स्थळांचं मात्र अडायचं. बिजवर आले, तिजवरही आले. त्यातला एक जण निघताना म्हणाला, डाव्या डोळ्याची काय गॅरंटी?

बुबुळ बदलायचं म्हणून आता मी नांदेडच्या डॉक्टरांकडे जाते. बुबुळ मिळेपर्यंत तपासण्या चालू असतात, आणि उतरायचं कुठे तर बहिणीच्या घरी. दवाखान्यात मला तिचा नवरा मोटारसायकलवरून नेतो. स्वभावाने तो खरोखर चांगला आहे. खड्डा आला की गाडी हळू करतो, मला अक्का म्हणतो. मागच्या खेपेला थेंब घालून आम्ही बाकावर बसलो होतो. डॉक्टर आत दुसऱ्या कुणावर तरी ओरडत होते, की वेळेवर का आला नाहीत. ते ऐकून त्याने एकदम बोलायला सुरुवात केली.

"अक्का, तुम्हाला वाटत असेल मी तिथं येऊन पलटलो. तसं नव्हतं. नांदेडहून निघायच्या आधीच अप्पांचा फोन आला होता. मोठीचा डोळा गेल्यात जमा आहे, धाकटी बघता का, म्हणाले. आम्ही घरात बसून विचार केला, जेवलो आणि मग निघालो."

फोन कधी आला होता, असं मी विचारलं. उजाडलंच होतं, तो म्हणाला, मी दाढी करत होतो. मनावरचा दगड उतरल्यासारखं त्याचं तोंड हलकं झालं होतं. मी मान डोलावली. त्याच्यावर रागवायला माझ्यात जागा उरली नव्हती. अंगणात गेलेले अप्पा दिसत होते. डोळा जिवंत होता, नांदेडची माणसं घरातच होती, गाडी दारात उभी होती, आणि अप्पांनी तो डोळा गेल्यात जमा धरून आंघोळ उरकली होती.

तपासणीच्या दिवशी संध्याकाळी अप्पांचा फोन येतो. कधी चुकत नाही. त्या संध्याकाळीही आला. बहीण ताटं वाढत होती. काय म्हनले डॉक्टर, त्यांनी नेहमीसारखं विचारलं.

मी म्हणाले, "अप्पा, त्या दिवशी सकाळी पाहुणे निघालेच नव्हते."

फोनमधून त्यांच्या टीव्हीचा आवाज येत होता. ते नाही म्हणतील, चिडतील, नाहीतर रडतील, अशी मी मनाची तयारी केली होती. अप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"तुला घिऊन लातूरला गेलो असतो तर दोघीबी घरात बसल्या असत्या, माय," ते म्हणाले. आवाज मऊ होता, कितीतरी वर्षं तयार ठेवलेलं उत्तर असावं तसा. मग त्यांनी विचारलं, जेवलीस का? मी म्हणाले, बसतेच आहे.