खिळ्यावरचा बिल्ला

आमच्या गल्लीत माझ्या आईला नावाने कोणी ओळखत नाही. 'श्वास रोखा बाई कुठे राहतात?' असं विचारलं की समोरचा हसतो आणि घरापर्यंत आणून सोडतो. सरकारी दवाखान्यात तिने उभा जन्म एक्स-रे काढण्यात घालवला. 'श्वास घ्या, रोखा, सोडा' हे शब्द तिच्या तोंडात इतके बसले की घरचे फोटो काढतानाही ती तेच म्हणायची. त्यामुळे आमच्या जुन्या फोटोंत सगळ्यांचे गाल फुगलेले आहेत आणि बाबा तर गुदमरल्यासारखे दिसतात.

तिची खोली तळमजल्यावर, जाड दाराची, दारावर लाल दिवा. कोपऱ्यात जाड काचेची केबिन होती. तिच्याआड उभं राहून ती बटण दाबायची. शाळा सुटली की मी बाहेरच्या बाकावर बसून तिची वाट पाहायची. आत जायची सक्त मनाई. आईच्या छातीवर एक चपटा बिल्ला असायचा. अंगावर किती किरण पडले हे त्या बिल्ल्यातल्या फिल्मवर उमटायचं आणि तो ठरावीक काळाने तपासायला जायचा. तिचा बिल्ला नेहमी स्वच्छ निघायचा. वरचे साहेब इतरांना तिचं उदाहरण द्यायचे.

खरी पंचाईत व्हायची लहान मुलांची. पडलेलं, घाबरलेलं मूल टेबलावर स्वस्थ राहतंय कशाला? नियम असा की शिशाचा एप्रन घालून घरच्या माणसाने त्याला धरायचं, कर्मचाऱ्याने नाही. घरचा माणूस एकदाच येतो, कर्मचारी रोज तिथेच असतो. पण मुलाला घेऊन यायची ती बहुतेक वेळा त्याची आईच, आणि माझी आई तिला एकच प्रश्न विचारायची, "पोटात दुसरं आहे का?" त्या बाईने नुसती मान खाली घातली तरी तिची रवानगी दाराबाहेर. मग आयाबाईंना बटणाशी उभं करून आई स्वतः एप्रन चढवायची आणि मूल धरायची. तिने धरलं की मूल गप्प व्हायचं, असं आयाबाई सांगत.

इथवर सगळं सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं कळलं ते माझ्या लेकीला दिवस गेल्यावर.

आनुवंशिकतेच्या प्रयोगशाळेतल्या एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला. एक्स-रेच्या खोलीत वर्षानुवर्षं काम केलेल्या बायका, त्यांच्या मुली आणि नाती यांचं रक्त त्यांना तपासायचं होतं. आईने "मला वेळ नाही" म्हणून सांगितलं. निवृत्त बाई, दिवसभर खिडकीत बसून गल्लीवर देखरेख करते, आणि हिला वेळ नाही! मी खोदून खोदून विचारलं तेव्हा चहाचा कप बाजूला सारून ती म्हणाली, "माझा बिल्ला खोटा आहे गं."

मूल धरायला आत जाताना ती बिल्ला काढून केबिनमधल्या खिळ्याला अडकवून जायची. दर वेळी.

"बिल्ल्यावर आकडा चढला असता तर मला घरी बसवलं असतं. मग यंत्र कोण चालवणार होतं? तुझे बाबा?"

"आणि मी पोटात असताना?"

"बदली बाई यायची होती. ती पाचवा महिना सरल्यावर आली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जगाच्या पोटांची काळजी करणारी ही बाई, आणि स्वतःच्या पोटाबद्दल दिव्याखाली अंधार! इतकी वर्षं तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. शेवटी लेकच म्हणाली, "आजी, चल, आपण तिघी जाऊन रक्त देऊ. जे असेल ते कळेल तरी."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून सांगायची हौस असलेल्या. त्या म्हणाल्या, पेशींत छोटी वीजघरं असतात, मायटोकॉन्ड्रिया. त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो, आणि तो मुलांना आईकडूनच मिळतो.

"म्हणजे हिच्या बाबांचा काहीच हात नाही?" आईने विचारलं.

"यात नाही."

"एरवी तरी कशात होता?"

डॉक्टरीणबाई हसल्या. मग त्यांनी सांगितलं की किरणांनी या डीएनएमध्ये बदल होऊ शकतात आणि त्याची दुरुस्ती पेशीला तितकीशी जमत नाही. तो बदल पुढच्या पिढ्यांत उतरतो का, हे अजून नीट कळलेलं नाही, म्हणून तर ही तपासणी. बोलता बोलता त्या सहज म्हणून गेल्या, "पोटातल्या मुलीच्या अंगात पाचव्या महिन्यापर्यंत तिची बीजं तयार झालेली असतात. म्हणजे आजी, त्या खोलीत तुम्ही होतात, पोटात लेक होती, आणि लेकीच्या पोटात ही नातही होती म्हणा ना."

आईचा चेहरा उतरला.

निकालाला वेळ लागणार होता. तो यायच्या आत बाळ आलं, मुलगी, गुटगुटीत. बाळाच्या नाळेतलं थोडं रक्तही प्रयोगशाळेत गेलं. बाळ घरी आलं आणि आई पाळण्यापासून चार हात लांब खुर्ची टाकून बसली. दुपटी धुवायची, घड्या घालायची, लेकीला वेळेवर जेवायला लावायची, पण बाळाला हात लावायची नाही. अख्ख्या गावाची पोरं धरलेली बाई!

"अगं, लागण होणारा आजार आहे का तो?" मी म्हटलं.

"कळतंय मला. पण निकाल येऊ दे."

तिचा जीव टांगणीला लागला होता आणि मला तिचा रागही येत होता, कीवही येत होती. त्याच दिवसांत मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाई बाळाला शिवलेली झबली घेऊन आल्या. आई आत दुपटी वाळत घालत होती. शिंपीणबाई मला हळूच म्हणाल्या, "माझा थोरला झाडावरून पडला होता. धाकटी तेव्हा पोटात. तुझ्या आईने मला बाहेर काढलं आणि स्वतः आत गेली. दार लागताना मी पाहिलं, तिचंही पोट दिसत होतं. मला काही बोलायला सुधरलं नाही. आजतागायत बोलले नाही."

ते पोट म्हणजे मी. त्यांची धाकटी आणि मी एका वर्गात होतो, एका बाकावर. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी आत गेले आणि आईच्या हातातलं दुपट्याचं दुसरं टोक धरलं.

निकाल सांगायला डॉक्टरीणबाई स्वतः घरी आल्या. "आजी, तुमच्या रक्तात एका ठिकाणी बदल सापडला. वीजघरांच्या त्या डीएनएच्या थोड्याच प्रतींमध्ये आहे. वयानेही असं होतं, त्यामुळे किरणांनीच झाला असं मी म्हणणार नाही. आणि एका घरावरून सगळ्या जगाचं काही ठरत नाही."

"आणि ह्या?" आईने आमच्याकडे बोट दाखवलं.

"लेकीत नाही. नातीत नाही. बाळातही नाही. खाली काही उतरलेलं दिसत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. खाण तशी माती म्हणतात, पण इथे ओरखडा खाणीवर होता आणि माती स्वच्छ निघाली होती. तिने तो स्वतःपाशी ठेवून घेतला असं मला वाटलं. हे शास्त्र नाही, मला कळतं; डॉक्टरीणबाईंसमोर मी बोललेही नाही. पण तिच्या पोटी जन्मले याचं इतकं बरं मला आधी कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बाळ जागं झालं आणि रडायला लागलं. लेक उठणार तोच आई खुर्चीतून उठली. पाळण्याशी गेली, वाकली, आणि थांबली. तिचा उजवा हात छातीशी गेला, पदराच्या काठाशी काहीतरी चाचपू लागला. बिल्ला काढायला.

तिथे काही नव्हतं. तिच्या ते लक्षात आलं, तशी ती स्वतःशीच हसली आणि तिने बाळाला उचललं. बाळ गप्प झालं.

मी मात्र श्वास रोखूनच उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सोडा."