वारज्यात फुटलेली टाकी

बायोगॅसचे प्रकल्प उभारणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी इंजिनिअर होते. ऑफिस सदाशिव पेठेत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. आमचे साहेब खडकीच्या कारखान्यातली नोकरी सोडून या धंद्यात पडलेले. आवाज कधी चढवायचे नाहीत. टोमणासुद्धा हळू आवाजात मारायचे.

वारजे तेव्हा वाढत होतं. नव्या सोसायट्यांचा ओला कचरा तिथल्या तिथे जिरवायचा, म्हणून गावठाणाला लागून आम्ही प्रकल्प बांधला. खाली शेणकाल्याची विहीर, तिच्यात उपडी तरंगणारी लोखंडी टाकी. गॅस साठला की टाकी वर येते. चाचणीसाठी शेण भरलं आणि ती छातीभर वर आली, त्या सकाळी गाव चालून आलं.

पुढे शेजारच्या मळ्याचा मालक होता, हातात घण. मागे माणसं, काठ्या, पहारी. दोघं जण सळईने पेटतं टायर ओढत आणत होते.

साहेब फाटकाशी गेले. "आपण आधी घण खाली ठेवा. मग बोलू."

"काय बोलायचं?" मळेवाला ओरडला. "मागं बी तुमच्यावाणीच साहेब आलं हुतं. वास येणार न्हाई म्हणालं. कचरा टाकला अन् माझी हीर नासली. ते पानी पिऊन माझी पोर गेली. आता परत गावाच्या उरावर घाण आणताय व्हय?"

पोरीचं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. साहेब दोन पावलं त्याच्याकडे गेले. तेवढ्यात कुठून तरी दगड आला आणि त्यांच्या कानशिलावर बसला. ते गुडघ्यांवर आले, आणि माणसं पेटत्या टायरसकट फाटकातून आत घुसली. एकाने त्यांच्या पाठीत काठी घातली, मग दुसऱ्याने. मी मध्ये घुसले तर माझे केस धरून कोणीतरी मला भिंतीवर आपटलं. ओठ फाटला. पाईप फिरवायचा जड पाना हाताशी होता, तो मी त्या माणसाच्या मनगटावर मारला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं, आणि बरं वाटलं.

तोवर मळेवाला विहिरीच्या कठड्यावर चढून टाकीवर घण घालत होता.

"टायर मागे न्या! आत गॅस आहे!" मी किंचाळले. कोणी ऐकेना. जोडाची शिवण उसवली, फुस्सकन आवाज झाला आणि ज्वाळेचा लोट थेट त्याच्या अंगावर आला. घण हातातून सुटला. सदरा पेटलेला माणूस कठड्यावरून आमच्या बाजूला कोसळला.

गर्दी क्षणात पांगली. त्याच्या मागे आलेली त्याची बायको तेवढी राहिली. "अहो! अहो!" करत ती त्याच्याकडे धावली. मीही धावले. शेण कालवायला भरून ठेवलेलं पाण्याचं पिंप आम्ही दोघींनी त्याच्यावर उपडं केलं, काखेत हात घालून त्याला ओढलं. त्याच्या दंडाची कातडी माझ्या तळव्याला चिकटून आली. मागे गॅस जळतच होता. तो विझवून उपयोग नव्हता, संपू द्यायचा होता. साहेब रक्ताळलेल्या कानावर हात धरून भिंतीला टेकले होते आणि पुन्हा पुन्हा विचारत होते, "कोणी आत राहिलंय का?"

दोघांना एकाच टेंपोतून हॉस्पिटलात नेलं. साहेबांचा तो कान कायमचा गेला.

पोलीस जबाबाला आले तेव्हा मळेवाल्याने कोणाचं नाव घेतलं नाही. "मीच फोडली," एवढंच म्हणाला. साहेबांनी तक्रार द्यायला नकार दिला. मला तो राग बरेच दिवस पुरला. माझा ओठ, माझे केस. ते माफ करणारे साहेब कोण?

तरी मी वॉर्डात गेले. मळेवाल्याचे दोन्ही हात पट्ट्यांत होते. बायको चमच्याने पेज भरवत होती. तिने मला बसायला सांगितलं.

"परत बांधनार का?" त्याने विचारलं.

"टाकी चांगली होती," मी म्हणाले. "वास आला नसता."

"आसंल. पर बांधनार का?"

मी साहेबांना विचारलं नव्हतं, तरी म्हटलं, "नाही."

त्याने डोळे मिटले. ऑफिसात येऊन मी साहेबांना हे सांगितलं. ते चांगला कान माझ्याकडे वळवून ऐकत होते. "बरं झालं," म्हणाले, आणि टाकीचं उरलेलं लोखंड भंगारात द्यायला गाडी बोलवा म्हणाले.